बुजलेल्या विहिरीचा हेवा

मित्रांनो, मी एक जुनी विहीर आहे. माझ्या जिवावर बेतलं ते १९९८ साली, जपानमधल्या एचिझेनच्या यामागिशी कुटुंबाने राहतं घर पाडून नवं बांधायचं ठरवलं तेव्हा.

मला घराच्याही आधी खणलं होतं. नदीतले गोटे एकावर एक रचून कारागिरांनी मला आतून बांधून काढलं. भर उन्हाळ्यातही माझं पाणी दातांना झोंबायचं. माझ्यात टरबुजं गार करायला सोडत. माझ्या पाण्यात केलेला तोफू, म्हणजे सोयाबीनचं पनीर, मऊ होतो, असं साऱ्या गल्लीचं मत होतं. आणि नव्या वर्षाच्या पहाटे पहिलं पाणी माझ्यातूनच काढत. तो माझा मान होता.

मग १९६१ साली स्वयंपाकघरात नळ आला. एक वीतभर लांब, वाकड्या मानेचा! पुढच्या नववर्षाला घरच्या सुनेने, तोकीएने, पहिलं पाणी त्याच्याकडून घेतलं. माझ्यावर लाकडी झाकण बसलं आणि झाकणावर लोणच्याची पिंपं. भिंतीपलीकडे तो टपटपायचा आणि मी इथे जळायचे. सदतीस वर्षं जळले.

म्हणूनच पाडकामवाला कुराता आला आणि स्वयंपाकघराकडे बोट दाखवून म्हणाला, "हे सगळं अर्ध्या दिवसात भुईसपाट!" तेव्हा मी मनातून नाचले. फोड बाबा, आधी तो नळ फोड!

तोकीएचा मुलगा मासाहारू खूश झाला. "आई, सात दिवसांत काम. शिवाय स्वस्त. आणखी काय हवं?"

तोकीए आता आजी झाली होती. तिने विचारलं, "आणि विहिरीचं काय करणार?"

कुराता हसला. "अहो आजी, विहीर म्हणजे तर आयती सोय! कौलं, माती, सगळा मलबा तिच्यातच ढकलू. ट्रकच्या चार खेपा वाचतील तुमच्या."

माझं पाणी गारठलं. नळाच्या द्वेषापायी मी कोणाला निवडायला निघाले होते!

दुसऱ्या दिवशी दुसरा पाडकामवाला, इगाराशी, आला. बुटका, कमी बोलणारा. त्याने पिंपं बाजूला केली, झाकण उचललं, डोक्यावरची टोपी काढली आणि एक खडा आत टाकून कान दिला.

"जिवंत आहे," तो म्हणाला. "आधी पुजाऱ्यांना बोलवू. तांदूळ, मीठ, साकेची दारू वाहू. मग धुतलेली वाळू भरू आणि विहिरीला श्वास घेता यावा म्हणून पोकळ बांबू उभा करू. शेजारच्यांनाही विचारून येतो, कपडे कधी वाळत घालतात ते. धूळ उडेल."

"किती दिवस?" मासाहारूने विचारलं.

"अकरा."

"चार दिवस जास्त! कशासाठी, एका भोकासाठी?"

"भोक?" तोकीए ताडकन उठली. "जन्मलास तेव्हा तुला ह्या भोकाच्या पाण्याने न्हाऊ घातलं. आता हिच्या तोंडात कौलं कोंबतोस? तुझ्या नाकात कोंबली तर चालतील?"

"तू म्हणजे ना, आई..." मासाहारू पुटपुटला. तरी त्याने इगाराशीलाच होकार दिला.

पाडकामाआधी घराचं पाणी बंद केलं. धूळ दाबायला पाणी लागत होतं, ते इगाराशीने पंप लावून माझ्यातून उपसलं. तीन दिवस साऱ्या गल्लीवर माझा शिडकावा होता. नळ मात्र कोरडा ठणठणीत. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! पण शेवटी तोकीएने तो नळ सोडवून घेतला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि छातीशी धरून नेला. मला पुन्हा हेवा वाटला. मला कोणी असं छातीशी धरू शकणार नव्हतं.

नव्या घरात तोकीए नऊ वर्षं राहिली. रोज सकाळी अंगणात येऊन बांबूभोवतीची पानं झाडायची. मासाहारू निवृत्त झाला आणि आता तो झाडतो. कुराताने पाडकाम सोडून वाहनतळ काढला. इगाराशीचा धंदा त्याची मुलगी चालवते, आणि खडा टाकून कान देते म्हणे.

मी वाळूखाली आहे. पाऊस पडला की खालून ओल चढते आणि बांबूतून थोडी वाफ वर जाते.

मित्रांनो, घर बांधणारा निवडताना तुम्ही दहा जणांना विचाराल. पाडणारा निवडतानाही विचारा. त्याला पायाखाली काय आहे ते दाखवा आणि तो टोपी काढतो का ते पाहा.