झोपेतले हातपाय

ट्रेमध्ये बारा पाय होते. सातांची पोटं फुटली होती, चार कडेने गळले होते आणि एक अगदी धड होता. तो धड राहिला, कारण भाची त्यात सारण भरायलाच विसरली होती.

"तुझ्या पायांनी हातपाय गाळले गं," मामी दारातूनच म्हणाली.

या घरात हा विनोद जुना होता. लोण्यात मळलेल्या मैद्याची पारी लाटायची, तिच्या अर्ध्या भागावर नासपतीच्या फोडी आणि मऊ पांढरं चीज ठेवायचं, उरलेला अर्धा वरून आणायचा, कडेला मुरड घालायची आणि ओव्हनमध्ये भाजायचं. हातात धरून खायचा हा इंग्रजी 'पाय' मामाने तीस वर्षं खालच्या दुकानात विकला. रंगाऱ्याने पाटीवर 'हँड पाय' लिहिलं आणि गल्लीने त्याचं 'हातपाय' करून टाकलं. "दोन हातपाय द्या, गरम बघून," असं म्हणताना पुढे पुढे कुणी हसतसुद्धा नसे.

आता दुकान बंद होतं. तापातून उठलेला मामा वरच्या खोलीत खिडकीजवळच्या खुर्चीत बसून असे आणि काही म्हणजे काही खात नसे. सगळं खडूसारखं लागतं, म्हणे. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं: सोमवारपर्यंत तोंडाने काही गेलं नाही, तर दवाखान्यात नेऊन नाकातून नळी घालायची. आज रविवार होता.

सकाळी भाचीने विचारलं होतं, "मामा, तुझे हातपाय करून आणले तर खाशील?"

"खाईन की. पण फुटका आणू नकोस. तीस वर्षांत गिऱ्हाइकाला फुटका दिला नाही, मग मी का खाऊ?"

"मग फुटू नये म्हणून काय करायचं, ते सांग ना."

"मला काय माहीत, मोजपट्टे? ते हाताला माहीत. उगाच तोंडाची वाफ कशाला दवडू?" आणि त्याने डोळे मिटून घेतले. भाची प्रयोगशाळेत कामाला लागल्यापासून घरी मीठसुद्धा तोलून घ्यायची, म्हणून ती मोजपट्टी.

मामीला विचारून उपयोग नव्हता. "मी गल्ल्यावर आणि हे भट्टीवर. मुरड घालताना पाठ करून उभे राहायचे. जसं काही मीच चोरून नेणार होते!"

खोट वाफेत होती, एवढं भाचीला कळत होतं. नासपतीत पाणी फार. तिने फोडी निथळून घेतल्या, चीज फडक्यात टांगलं, पारी गार केली, आच उतरवली. वाफ काही ऐकेना. वरून सुरीने चिरा दिल्या असत्या तर प्रश्न मिटला असता. पण मामाच्या पायाची पाठ नेहमी गुळगुळीत असायची, आणि चिरलेला पाय त्याच्या लेखी फुटकाच.

शेवटी तिने हात टेकले आणि ती वर जाऊन मामाच्या समोर बसली. मामा झोपला होता. पडद्यातून येणारं ऊन साईसारखं दाट होतं. तिच्या बाह्यांवरचा मैदा उडून त्या उन्हात तरंगत राहिला, खाली यायची त्याला काहीच घाई नव्हती. नासपतीचा गोड वास जिना चढून आला होता. तिचेही डोळे जड झाले. पांघरूण पांढरं, मऊ, त्याची कड मामाच्या मांडीवर वळलेली, आणि त्या कडेवर मामाची बोटं चालत होती.

आधी तिला वाटलं, आपल्यालाच स्वप्न पडतंय. अंगठा खाली, तर्जनी वर, चिमूट, दुमड. पुन्हा चिमूट, दुमड. बोटं कडेने सरकत होती, पाण्यातून चालल्यासारखी हळू, न चुकता. पांघरुणाला मुरड पडत होती आणि मागून सुटत होती. भाची जागची हलली नाही. पांघरुणाचं दुसरं टोक तिने आपल्या मांडीवर ओढलं आणि त्याच लयीत चिमटायला लागली. दोघांच्या मधलं ते पांढरं कापड किती वेळ पारी होतं आणि किती वेळ पांघरूण, हे तिला नंतर सांगता आलं नसतं.

अकरा दुमडी झाल्या. बारावीला मामाने चिमूट दाबली नाही. कड अंगठ्याने वर उचलली, चोचीसारखी उभी केली आणि ओठ पुढे काढून तिच्यात हलकेच फुंकर मारली.

फू.

मग बोटं पहिल्या दुमडीवर परत गेली.

"सुंभ जळला तरी पीळ जात नाही," मामी मागे येऊन उभी राहिली होती. "झोपेतसुद्धा दुकान उघडंच!"

"हळू बोल गं, मामी. दुकानातच आहे तो." भाची उठली. "वाफ दवडायची नाही म्हणतो आणि स्वतः फुंकर मारून तिला दार उघडून देतोय!"

तिने पुन्हा बारा केले. अकरा दुमडी, बारावी उभी, फुंकर. ओव्हनच्या काचेआड बारा चोची वर करून ते बसले, आणि थोड्या वेळाने एकेका चोचीतून वाफेचा बारीक धागा निघाला. रस आतच राहिला. मामी काचेला नाक लावून बघत होती आणि तिने एकदाही टोमणा मारला नाही.

वासाने मामा जागा झाला. थाळी पुढे आली तेव्हा त्याने पाय उचलला, उलटा केला, उजेडात धरला. कुठे ओल नव्हती. मग त्याचा अंगठा चोचीवर थांबला.

"ही कुणी दाखवली तुला?"

"तू."

"मी? मी तर झोपलो होतो."

"तेव्हाच."

मामा तिच्याकडे बघत राहिला, मग आपल्या हाताकडे. "फितूर लेकाचा," हाताला म्हणाला, आणि त्याच हाताने पाय तोंडाजवळ नेला. पहिला घास त्याने बराच वेळ तोंडात घोळवला. मामी पदर मुठीत धरून उभी होती.

"खडू?" तिने विचारलं.

"बोलू नकोस. खातोय."

पाय थाळीत ठेवण्याआधी भाचीने तोलला होता: चौऱ्याण्णव ग्रॅम. नंतर तिने थाळीत उरलेलं वजनकाट्यावर ठेवलं. चोचीचं टोक, दोन ग्रॅम.