लोकरीची पट्टी

पत्रेवाल्याने उंदरांचा पिंजरा केला तो बायकोच्या हट्टापायी. दुकान धाकट्या भावाच्या हवाली करून तो घरी बसला होता आणि बसून बसून कुरकुरा झाला होता. त्याच सुमारास स्वयंपाकघरात उंदीर झाले. बाजारातला खटक्याचा सापळा तिला पाहवेना.

"जीव न घेता पकडता येईल असं काहीतरी करा," ती म्हणाली. "जन्मभर लोकांच्या बादल्या केल्यात ना?"

त्याने केला. आत कलती फळी. उंदीर टोकाला गेला की ती झुकायची आणि मागचं दार आपल्याच वजनाने खाली यायचं. पहिल्याच उंदराची शेपूट दारात चेमटली. तेव्हा तिने जुन्या कोटाची बाही कापून लोकरीची पट्टी दिली, ती त्याने दाराच्या खालच्या कडेला चिकटवली. जाळीच्या सांध्यांवरचे डाखही घासून गुळगुळीत केले, नाक खरचटायला नको म्हणून.

"उशी पण ठेवा की, दाजी," मेहुणा हसायचा.

"तू राहायला येणार असलास तर ठेवतो."

मेहुणा पलीकडच्याच गल्लीत राहायचा आणि सायकलने पुलापलीकडच्या गिरणीत कामाला जायचा. जाताना उंदीर तिकडच्या माळावर सोडायचं काम त्याचं. नेण्याआधी पत्रेवाला जाळीबाहेर आलेल्या शेपटीला निळा रंग लावायचा. परत आला तर ओळखू यावा. त्याला तरी एकही परत आलेला दिसला नाही. संध्याकाळी मेहुणा रिकामा पिंजरा आणून द्यायचा, तेव्हा बायको विचारायची, "नीट सोडलास ना रे?"

"सोडला, ताई. पळाला टुणकन."

बायको गेली, तरी हे चालू राहिलं. तिच्या मागे घरात तिचं म्हणून एवढंच चालू होतं.

एके सकाळी मेहुणा पिंजऱ्यावरचं फडकं विसरून गेला. उजेडात उंदीर घाबरतो, म्हणून पत्रेवाला ते घेऊन मागोमाग निघाला. मेहुणा आपल्या घरच्या परसात होता. एका हाताने पिंजरा बादलीत दाबून धरला होता आणि दुसऱ्या हाताने तो दात घासत होता.

पत्रेवाल्याने पिंजरा वर काढला. पट्टीतून पाणी गळत होतं. निळी शेपूट हलत नव्हती.

"कधीपासून?"

"दाजी, बसा आधी."

"केसाने गळा कापलास रे माझा. ती गेली म्हणून? तिच्या माघारी?"

मेहुण्याने चूळ भरली. "माघारी नाही. तिनेच सांगितलं होतं."

"मेलेल्या बहिणीवर ढकलतोस?"

"पहिला मी खरंच माळावर सोडला होता. थोड्याच दिवसांत निळी शेपूट ताईला डब्यांमागे दिसली. म्हणाली, यापुढे काय करायचं ते तुझ्या घरी कर, यांना कळू देऊ नकोस. कळलं तर पिंजरा मोडतील आणि पुन्हा भिंतीकडे बघत बसतील."

पत्रेवाला पिंजरा घेऊन निघून आला. त्याने पिंजरा पुसला, वाळवला, पुन्हा लावला. उंदीर सापडला तेव्हा शेपटीला तांबडा रंग लावला आणि दुखऱ्या गुडघ्याने पुलापलीकडे चालत गेला. माळाच्या पार टोकाला जाऊन त्याने दार उचललं. हा परत आला नाही, तर मेहुणा खोटा. त्याला मेहुणाच खोटा हवा होता. येताना वाटभर तो त्याला शिव्या घालत आला.

पुढे रोज तो डबे सरकवून बघायचा. मागे काही नसलं की त्या दिवशी दोन घास जास्त जायचे.

मग एका दुपारी पिठाचा डबा उचलला, आणि तांबडी शेपूट भिंतीच्या कडेने सरसर निघून गेली.

तो डबा हातात धरून उभा राहिला. मेहुण्याचा राग कुठल्या कुठे गेला. तो परक्या घरचा, सांगितलं तसं वागला. पण ती? "नीट सोडलास ना रे?" रोज विचारायची, आणि उत्तर ऐकून नवऱ्याकडे बघून हसायची. तो वेडाही हसायचा.

आता भांडायचं तरी कुणाशी?

त्याने पिंजरा मांडीवर घेतला आणि दाराची लोकरीची पट्टी ओढली. निघेना. नखाने उचकटली, मग चमच्याच्या दांड्याने. नख तुटलं. त्यानेच चिकटवली होती, चांगली खळ लावून, जन्मभर टिकावी म्हणून.