दोघींचे अहो

आमच्या घरात दोन बायका एकाच माणसाला ‘अहो’ म्हणून हाक मारायच्या. एक मी, त्यांची बायको. दुसऱ्या माझ्या सासूबाई, म्हणजे त्यांची सख्खी आई. सासूबाईंची आठवण उसवत चालली होती आणि ह्यांना हुबेहूब सासऱ्यांसारखं टक्कल पडलं होतं. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली, पण सासूबाईंच्या लेखी ते रोज संध्याकाळी कामावरून घरी येत होते.

ऐकणाऱ्याला गंमत वाटायची, ह्यांना वाटत नसे. “आई, मी ढब्बू,” असं ते समजावायला जायचे. हे त्यांचं लहानपणचं नाव. अंग उतरलं तरी नाव उतरलं नाही. मग सासूबाई घाबरून विचारायच्या, “ढब्बू? मग हे कुठे गेले?” खरं सांगितलं की आजच बातमी आल्यासारख्या रडायच्या. टोपी घालून पाहिली, तर “घरात कसली टोपी, अहो?” विग आणला, तेव्हा “चोर, चोर!” म्हणून त्यांनी असं घर डोक्यावर घेतलं की शेजारी काठी घेऊन धावत आला.

शेवटी ह्यांनी केस रोवून घ्यायचे ठरवले. मी म्हटलं, “पन्नाशी उलटली. आता कोणासाठी नटायचंय?”

“तिने मला ओळखावं,” ते म्हणाले. “पुढच्या वर्षी तिला कोणीच आठवणार नाही.”

 

डॉक्टरांनी सगळं डोकं भादरलं, मागचे केस मुळासकट एकेक काढले आणि पुढे लावले. खपल्या धरल्या, खपल्या पडल्या आणि कपाळाच्या वर काळे खुंट दिसू लागले. सासूबाईंनी एका सकाळी त्यांवरून हात फिरवला. “ढब्बू, इतके बारीक कापलेस होय रे? डोक्याला गार लागेल ना.”

हे चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून बसवतात. हात बारीक कामाचा, चेहरा कोरा. त्या दिवशी मात्र स्वयंपाकघरात येऊन माझ्यासमोर हमसून हमसून रडले. मग दुकान बंद झालं की तडक घरी. आई ‘ढब्बू’ म्हणायची आणि हा बाप्या ‘ओ’ द्यायचा.

मी लाँड्रीच्या काउंटरवर असते, त्यामुळे कोणाच्या कॉलरवर काय आहे ते मला न बघताही दिसतं. महिना व्हायच्या आत ह्यांच्या कॉलरवर आखूड काळे केस दिसले. मी झटकून टाकले. मग उशीवर दिसले, मग टॉवेलवर. दुकानात तर चारी भिंतींना आरसे. पळणार कुठे?

डॉक्टर म्हणाले, “हे असंच होतं. केस गळतात, मुळं आत शाबूत असतात. चार-पाच महिन्यांत पुन्हा येतील. मी आधीच सांगितलं होतं.” सांगितलं होतं खरं. आपण आपल्याला हवं तेवढंच ऐकतो.

“तोवर आईची आठवण टिकेल का?” ह्यांनी विचारलं. ते काही त्या डॉक्टरांचं खातं नव्हतं.

पुढचं डोकं पुन्हा गुळगुळीत झालं. संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, “आलात? ढब्बू आज आला नाही हो.”

ह्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. बूट काढून शेजारी बसले. “येईल. थोडा वेळ लागेल.”

“तुम्ही ओरडलात का त्याच्यावर?”

“नाही गं.”

“ओरडू नका. हुशार नाही तो, पण हात चांगला आहे त्याचा. आणि तुम्हीही असे न सांगता जात जाऊ नका. मला करमत नाही.”

“नाही जाणार,” हे म्हणाले.

पुढचे काही महिने रोज हाच संसार. सासूबाई तक्रारी करायच्या, लाजायच्या, मधेच खुदकन हसायच्या. सासरे होते तेव्हा त्या इतकं बोलल्याचं मला आठवत नाही. ह्यांनी ‘मी ढब्बू’ म्हणणं सोडून दिलं.

मग केस आले. आधी वाकडेतिकडे, मग चांगले दाट. सासूबाईंनी टक लावून पाहिलं आणि म्हणाल्या, “ढब्बू!” मला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात त्यांची नजर दाराकडे गेली. “तुझे बाबा कुठेत रे? जाणार नाही म्हणाले होते.”

त्यांनी खुर्ची दाराशी ओढून घेतली. ह्यांनी घास पुढे केला की हात बाजूला सारायच्या. “ते आले की जेवेन.” दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच.

तेव्हा हे मशीन आणि वस्तरा घेऊन माझ्यासमोर बसले. “वरचे काढ. खुंट ठेवू नकोस.”

“अहो, शुद्धीवर आहात ना? आता कुठे आलेत!”

“मुळं आहेत ना आत,” ते म्हणाले. “काढ.”

मी काढले. वर्तमानपत्रावर पडलेल्या केसांकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. मागच्या दाराने बाहेर गेले, वळसा घालून पुढे आले आणि बेल वाजवली.

“अहो, कुठे होतात इतके दिवस?”

“काम निघालं. चल, जेवून घेऊ.”

सासूबाई उठल्या. “ढब्बू येऊन गेला,” त्या म्हणाल्या. “काय दाट केस झालेत त्याचे! तुम्ही बघायला हवे होते.”

“हो?” हे म्हणाले. “पुढच्या वेळी बघेन.”

मला फळीवरचा डबा काढून हवा होता. ‘अहो’ म्हणून हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग स्टूल ओढलं आणि माझी मीच चढले.