सत्तावीस चाव्या

तिसरी चावीही चुकीच्या माणसाच्या हातात गेली, तेव्हा काकूंच्या लक्षात आलं की चौतीस वर्षं एकाच गल्लीत काढूनही इथली माणसं काही आपल्याला उमगलेली नाहीत.

"काकू, ही माझ्या दाराची नाही," ट्रकवाला म्हणाला. आडदांड माणूस. जिना उतरला की दोन घरांतली भांडी वाजायची. चावीला बांधलेल्या पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, 'खांदा लावतो'. दाराला खांदा लावणारा याच्याशिवाय दुसरा कोण असणार? पण चावी त्याची नव्हती. त्याची निघाली 'हळुबाई'.

काकूंचे यजमान कुलूपवाले. गल्लीच्या तोंडाशी दुकान, उभं राहिलं तर बसता येणार नाही एवढं. सगळ्यांनी घराची एकेक जादा चावी त्यांच्याकडे ठेवलेली. कुणी बाहेर अडकलं की धाव दुकानाकडे. आत एका फळीवर सत्तावीस खिळे, सत्तावीस चाव्या, प्रत्येकीला पुठ्ठ्याचा तुकडा. त्यावर नाव नाही, घराचा नंबर नाही. नावनिशी लिहून ठेवणं म्हणजे चोराला आमंत्रण, असं ते म्हणायचे. पेन्सिलीनं आपल्या मनाचं काहीतरी खरडायचे, बाकी सगळं डोक्यात. ते डोकं दीड महिन्यापूर्वी भर दुपारी, हातात कानस असताना, त्याच फळीला टेकलं ते टेकलंच.

लेक येऊन राहिली होती. रविवारी दुकान रिकामं करून आईला सोबत न्यायचं ठरलं होतं. त्याआधी चाव्या ज्याच्या त्याला पोहोचायला हव्यात. लेकीचं म्हणणं सरळ होतं, प्रत्येक चावी प्रत्येक दाराला लावून बघू. काकूंनी ते उडवून लावलं. लोकांची कुलपं चाचपत हिंडायला मी काय चोर आहे, म्हणाल्या. खरं कारण वेगळंच होतं. फळीवरची एक चावी त्यांच्या स्वतःच्या घराची होती, आणि तिच्यावर ह्यांनी काय लिहिलंय ते त्यांना आपलं आपण ओळखायचं होतं. जेवताना मुका, चालताना मुका असा तो माणूस. बायकोबद्दल चौतीस वर्षांत चांगला म्हणून नाही की वाईट म्हणून नाही, एक शब्द तोंडातून काढला नाही. गल्लीभर माणसांना मात्र एकेक शब्द वाटून ठेवलेला.

'विसरते, कबूल करत नाही' हा पुठ्ठा वाचल्यावर तर तो आपलाच, अशी काकूंची खात्रीच पटली. दोन दिवस त्या गेलेल्या नवऱ्यावर फुगून बसल्या. त्यांच्या फोटोसमोरून जातानासुद्धा मान वळवायच्या. तिसऱ्या दिवशी समोरच्या नर्सबाई चावी मागायला आल्या, वर्षातली सहावी हरवलेली, आणि हरवली नाही, कुणीतरी नेली असं ठासून सांगायला लागल्या. लेक तोंडावर ओढणी धरून आत पळाली. काकूंनी पुठ्ठा हळूच सोडवून चावी दिली आणि आत येताना फोटो पुसला.

'खांदा लावतो'चा उलगडा झाला तो मास्तरांमुळे. निवृत्त, किडकिडीत माणूस, मुंगीलासुद्धा वाट देणारा. चावी बघून ते ओशाळले.

"माझीच ती. मला रागवायचे ते. म्हणायचे, मास्तर, दार आधी ओढून घ्या, मग फिरवा. खांदा लावता म्हणून चावीचं पातं वाकतं."

"तुम्ही खांदा लावता?"

"घरी आल्यावर लावतो," मास्तर म्हणाले. "दिवसभराचं कुठेतरी निघायला नको?"

म्हणजे ह्यांनी माणसं तोंडावरून वाचलीच नव्हती. झिजलेल्या कडा, वाकलेली पाती, यांच्यावरून आणि दारात उभं असताना जे दिसलं त्यावरून. मग काकूंनी रीत बदलली. ज्याच्या घरी गेल्या त्याला म्हणाल्या, माझ्यासमोर आपलं दार एकदा उघडून दाखवा. लोक नवऱ्यामुलासारखे लाजले, पण उघडली.

शनिवारी दोन उरल्या. एकीवर 'दारात थांबते'. दुसरी कोरी. काकूंना पहिली आपली वाटली. चांगलीही वाटली. रोज संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या वेळी त्या दारात थांबायच्याच की. तरी मन खायला नको म्हणून त्या तळमजल्यावरच्या शिवणवालीकडे गेल्या. एकटी बाई. तिनं कुलपात चावी घातली आणि तशीच उभी राहिली. बऱ्याच वेळानं फिरवली.

"आत काही कुणी विचारणार नसतं, काकू. म्हणून जरा थांबते," ती म्हणाली. "काकांना कसं कळलं?"

घरी येऊन काकूंनी कोरी चावी स्वतःच्या दाराला लावली. अलगद फिरली.

"लिहायचं राहिलं असेल, आई," लेक म्हणाली. "आपल्याच घराची चावी. त्यावर काय लिहायचं?"

काकूंनी पुठ्ठा चिमटीत धरला. बाकीचे जाड होते, हा पापडासारखा. खिडकीशी नेला तर पलीकडचा उजेड दिसला. पेन्सिलीच्या खाचा एकीवर एक, खोडलेल्या, पुन्हा लिहिलेल्या, पुन्हा खोडलेल्या. एकही अक्षर लागेना. भांडण झालं की बदलायचे? की एवढ्या वर्षांत जमलंच नाही? की हातासरशी दुसऱ्याच कुणाचा जुना पुठ्ठा उलटून घेतला होता? त्यांनी तो उलटा धरून पाहिला, तिरपा धरून पाहिला. लेकीला बोलावलं, तिचा चष्मा लावून पाहिला. मग चष्मा परत केला.

रविवारी सामान गाडीत गेलं. काकूंनी दार ओढून घेतलं, कुलूप लावलं, आणि जाताना ती जादा चावी शिवणवालीच्या हातात दिली.

"ठेव तुझ्याकडे. कधी आले आणि अडकले, तर."

शिवणवालीनं पुठ्ठा उलटसुलट केला. कानामागचा खडू काढला.

"यावर काय लिहू, काकू?"

"नको," काकू म्हणाल्या. "फाटेल आता."