मीठ खाल्लेली गाडी

गॅरेजवाल्या तेर्वोने स्क्रूड्रायव्हर गाडीच्या पोटाला नुसता टेकवला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. गंजाचा तांबडा भुगा त्याच्या टोपीवर सांडला.

"ये, बघ जरा," तो म्हणाला. "ही आता गाडी राहिलेली नाही. सवयीने एकत्र उभी आहे, इतकंच."

रेइनो कांगास कुरकुरत्या गुडघ्यांनी वाकून गाडीखाली शिरला. दिव्याच्या उजेडात सांगाड्याची डावी बाजू जुन्या पुस्तकाच्या पानांसारखी सुटत होती. पायाखालच्या पत्र्याला मोठं भोक पडलं होतं तेव्हा तेर्वोनेच तिथे एक जुनी रस्त्यावरची पिवळी पाटी रिव्हेट मारून बसवली होती. पुढे वळण असल्याचा काळा बाण असलेली. ती पाटी मात्र अजून झगझगीत होती.

निळी स्टेशन वॅगन. सत्तावीस वर्षांपूर्वी स्वीडनमध्ये बनलेली. रेइनोने घेतली तेव्हाच ती नऊ वर्षांची होती, आणि फिनिश वंशाच्या माणसाने जुन्या वैऱ्यांची, स्वीडिशांची, गाडी घेतली म्हणून अख्ख्या गावाने त्याला वर्षभर छळलं होतं. मग ती तीन लाख एकेचाळीस हजार मैल चालली आणि लोक गप्प बसले.

"आणि इंजिन?" रेइनोने हळूच विचारलं.

"इंजिनाला काय धाड भरलीय? ते तुला आणि मला पोचवून येईल. पण त्याला बसायला जागा नको? एका चांगल्याशा खड्ड्याची खोटी, की इंजिन रस्त्यावर आणि तू त्याच्यामागे." तेर्वोने हात पुसले. "आणि दोष कुणाला देणार? तीस वर्षं कोण टाकत होतं रस्त्यावर मीठ?"

टाकत होता रेइनोच. मिशिगनच्या या वरच्या टोकाला सहा महिने बर्फ असतं, आणि तीस वर्षं तो काउंटीचा मीठ टाकणारा ट्रक चालवत होता. पहाटे ट्रक घेऊन निघायचा, सगळ्या रस्त्यांवर मीठ पेरायचा, आणि शेवटची कित्येक वर्षं सकाळी याच निळ्या गाडीतून त्याच रस्त्यांवरून घरी यायचा. आजूबाजूच्या चार गावांत गंजून मेलेल्या प्रत्येक गाडीत त्याचा थोडाथोडा हात होता.

"तरी पण," तेर्वो म्हणाला, "खाल्ल्या मिठाला जागली बिचारी."

रेइनोला हसू आलं नाही. त्याच्या डोक्यात मुलीचा आवाज घुमत होता. काइसा मिनीयापोलिसला असते. शरद ऋतूत तिने फोनवर सरळ सांगितलं होतं, "बाबा, तू तळ्याकाठी एकटा. दुकान एकतीस मैलांवर, डॉक्टर चाळीस मैलांवर, आणि मधे हे भंगार. या हिवाळ्यात गाडीने तुला एकदा, फक्त एकदा, रस्त्यात सोडलं, तर घर विकायचं आणि माझ्याकडे यायचं. दे वचन." त्याने वचन दिलं होतं. द्यायला नको होतं, पण फोनवर नाही म्हणणं त्याला आयुष्यात कधी जमलं नव्हतं.

"अजून सोडलं नाहीये," तो गाडीखालूनच पुटपुटला.

"काय?"

"रस्त्यात. अजून सोडलं नाहीये तिने मला."

तेर्वोने गॅरेजच्या शेगडीत एक ओंडका सरकवला. मग म्हणाला, "माझ्या गोठ्यामागे हिचीच बहीण आहे. पांढरी. इंजिन मेलंय, पण आयुष्यभर एका म्हातारीच्या गॅरेजमध्ये राहिली, खालून अगदी कोरी. फक्त सध्या तिच्यात कोंबड्या राहतात."

निळीचं इंजिन पांढरीत बसवायला पाच दिवस लागले. रेइनो रोज मांस-बटाटा भरलेली गरम पेस्टी आणि वेलचीचा पाव घेऊन जायचा आणि खुर्चीत बसून बघायचा. तेर्वोने साखळीने इंजिन उचललं तेव्हा मात्र तो उभा राहिला. एवढंसं ते काळं लोखंड हवेत हळूहळू गोल फिरत होतं. याच लोखंडाने काइसाला कॉलेजात नेलं होतं, बायकोला, हेल्मीला, शेवटच्या वेळी दवाखान्यात नेलं होतं, आणि इतकं करूनही ते एका माणसाच्या मिठीत मावेल एवढंच होतं. त्याने नकळत टोपी काढली.

"अरे, अंत्ययात्रा नाहीये," तेर्वो ओरडला. "बाजूला हो, नाहीतर तुझीच व्हायची!"

सहाव्या दिवशी पांढरी गाडी सुरू झाली. तीच टिकटिक, जुन्या शिवणयंत्रासारखी. रेइनोने हीटर लावला आणि जाळीतून कोंबड्यांची पिसं भुरुभुरु उडून दोघांच्या अंगावर पडली.

*

आणि मग त्याच्या हातून चूक झाली.

दर हिवाळ्यात गावची अग्निशमन तुकडी गोठलेल्या तळ्यावर एक मेलेली गाडी उभी करते. इंजिन काढलेली, तेलाचा थेंब नसलेली, मागून साखळीने काठाला बांधलेली. वसंतात बर्फ फुटून ती कोणत्या दिवशी, किती वाजता बुडेल, याच्या चिठ्ठ्या लोक पैसे लावून भरतात. अर्धे पैसे जिंकणाऱ्याला, अर्धे नव्या होजपाइपला. पण त्या वर्षी गावात कुणाची गाडीच मेली नव्हती. तुकडीची प्रमुख डॉटी हल्व्हर्सन तेर्वोच्या गॅरेजमध्ये आली आणि तिने निळ्या सांगाड्याकडे बोट दाखवलं.

"रेइनो, देतोस का रे?"

समोर उभ्या असलेल्या बाईला नाही म्हणणं तर फोनपेक्षाही अवघड. त्याने मान डोलावली.

चार दिवसांनी दुकानातून परतताना त्याने ती पाहिली. तळ्याच्या मधोमध, कोवळ्या उन्हात, छपरावर झेंडा लावलेली, नाक बरोबर रस्त्याकडे. त्याच्या घराला जाणारा एकुलता एक रस्ता तळ्याला वळसा घालून जातो. आणि अठरा एप्रिलला त्याची सत्तरी होती. काइसा येणार होती.

चिठ्ठी भरायची वेळ आली तेव्हा त्याने अंदाज केला नाहीच. तीस वर्षं बर्फ पाहिलेल्या माणसाला कळत होतं की या वर्षीचं बर्फ जाड आहे, लवकर जायचं नाही. तरी त्याने लिहिलं: सोळा एप्रिल, सकाळी दहा.

"सोळा?" चिठ्ठी वाचून डॉटी म्हणाली. "मिठाचा ट्रक घेऊन जाणार आहेस की काय तळ्यावर?"

सोळाला सकाळी दहा वाजता रेइनो काठावर एकटा उभा होता. बर्फ राखाडी झालं होतं, कडेला हातभर पाणी सुटलं होतं, आतून खोल कण्हल्यासारखा आवाज येत होता. गाडी जराशी कलली होती. बस्स. साडेदहाला तो घरी गेला. आदल्या रात्रभर त्याने काइसाला काय सांगायचं याची वाक्यं जुळवली होती, आणि त्यातलं एकही त्याला धड वाटत नव्हतं.

*

काइसा अठराला, शनिवारी, दीड वाजता आली, भाड्याच्या नव्याकोऱ्या गाडीतून. अंगणातल्या चिखलात उतरली, मिठी मारली, आणि लगेच मागे सरकली.

"बाबा, तळ्यावर तुझी गाडी आहे."

"हो."

"म्हणजे मेली ती."

"तसं… तसं अगदी म्हणता येणार नाही."

"झेंडा लावून बर्फावर उभी आहे आणि तसं म्हणता येणार नाही?" तिचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. तेच त्याला जास्त लागलं. "मला सांगितलंही नाहीस. दुकानात कसा जातोस? लोकांकडे लिफ्ट मागत?"

"ही आहे ना." त्याने पांढऱ्या गाडीकडे मान केली. तो दूध घेऊन तिच्या पाठोपाठच आला होता आणि ती भाड्याच्या गाडीच्या मागेच, वाट अडवून, उभी होती.

"ही? ही कुणाच्या परसातून आणलीस? हिच्या सीटवर पिसं आहेत, बाबा."

त्याने तोंड उघडलं. जुळवलेली सगळी वाक्यं कुठल्या कुठे गेली होती. तेवढ्यात गावाकडून भोंगा वाजला. एकदा, लांब. मग पुन्हा.

"आग लागलीय?"

"नाही," रेइनो म्हणाला. "तळ्यावरची ती चाललीय."

काइसाने भाड्याच्या गाडीकडे पाहिलं, मग तिची वाट अडवून उभ्या असलेल्या पांढऱ्या गाडीकडे. दोघं पांढऱ्या गाडीत बसले. रेइनोने चावी फिरवली. टिक, टिक, टिक, आणि मग ती एकसंध टिकटिक. तो चिखलातून सावकाश मागे सरकला आणि रस्त्याला लागला. हीटरमधून एक पीस सुटून काइसाच्या गुडघ्यावर बसलं. ते झटकायला तिने हात उचलला, पण हात तसाच राहिला.

"थांब," ती म्हणाली. "बोलू नकोस."

तो बोलतच नव्हता.

तिने डोळे मिटले. पत्रपेटीजवळच्या चढावर गाडीचा आवाज नेहमीसारखा जरा घोगरा झाला, मग पुन्हा मोकळा. शाळेत असताना दर हिवाळ्यात सकाळी ती अंथरुणात पडून याच आवाजाची वाट बघायची. तो पत्रपेटीजवळ घोगरा झाला की बाबा घरी आला, रस्त्याकडेच्या खंदकात गेला नाही, असं समजून ती मग उठायची. हे तिने त्याला कधी सांगितलं नव्हतं.

"ही तीच आहे," डोळे न उघडता ती म्हणाली. "ही तीच आहे ना?"

"इंजिन तेच आहे. पाटी… म्हणजे सांगाडा तिकडे राहिला."

"कुठली पाटी?"

त्याला उत्तर द्यावं लागलं नाही. ते काठावर पोचले होते.

पन्नास-साठ माणसं उभी होती आणि कुणीही बोलत नव्हतं. बर्फ आता काळं झालं होतं, आणि त्याच्या पोटातून एक गडगडाट तळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, पायाखालची जमीन हलल्यासारखा. गाडीभोवती एक भेग उमटली, कुणी सावकाश रेघ ओढावी तशी. मग मागची चाकं नुसती खाली गेली. धडपड नाही, आवाज नाही. इंजिन नसल्यामुळे पुढचा भाग हलका होता. तो वर उठत गेला, उठत गेला, आणि निळी गाडी पाण्यात सरळ उभी राहिली, पोट काठाकडे करून.

सत्तावीस वर्षं जमिनीकडे असलेलं ते पोट उन्हात आलं. ते सगळं तांबडं, खवल्याखवल्यांचं होतं, एखाद्या प्रचंड माशासारखं. आणि बरोबर मधे पिवळी धमक पाटी, वर वळणारा काळा बाण.

कुणीतरी लहान मुलासारखा श्वास घेतला. तो स्वतःचाच होता हे रेइनोला उशिरा कळलं.

"बाबा," काइसा कुजबुजली, "तू त्या पाटीवर पाय ठेवून गाडी चालवत होतास?"

"सात वर्षं."

ती हसेल किंवा रागावेल असं त्याला वाटलं. तिने नुसता त्याचा कोपर धरला. गाडी तशीच, बाण वर दाखवत, इंचाइंचाने खाली उतरली. सगळ्यात शेवटी नाक. पाण्यावर एक मोठा बुडबुडा आला आणि झेंड्यापासून काठावरच्या घड्याळापर्यंत बांधलेली दोरी ताणली जाऊन घड्याळ थांबलं. एक वाजून बावन्न मिनिटं. मग कितीतरी वेळ फक्त बर्फाचे तुकडे एकमेकांवर घासून काचेच्या किणकिणाटासारखे वाजत राहिले.

"एक बावन्न!" शेवटी डॉटी ओरडली, आणि लोकांना पुन्हा बोलता येऊ लागलं. तेर्वो गर्दीतून आला.

"काइसा! बघितलंस? कसं मरायचं ते तिने सगळ्यांना शिकवलं. सोळाला बुडेल म्हणून तुझ्या बापाने पैसे घातले होते. अख्ख्या तालुक्यात याच्याइतकं बर्फ कुणाला कळत नाही, आणि लिहिलं काय, तर सोळा!"

काइसाने रेइनोकडे पाहिलं. "मी येणार म्हणून?"

त्याने तळ्याकडे बघत मान डोलावली. मग स्वतःच्याच धाडसाने चकित होत त्याने विचारलं, "वचनाचं काय?"

"तिने तुला रस्त्यात सोडलं का?"

"नाही."

"ती पांढरी?"

"नाही. फक्त पिसं."

तिने त्याच्या बाहीवरचं एक पीस झटकलं. "पुढचा हिवाळा," ती म्हणाली. "तेच वचन. आणि पुढच्या वेळी काय गंजलंय ते मला आधी सांगायचं. चावी दे."

ती चालकाच्या बाजूने आत बसली आणि निळ्या गाडीचं लोंबतं दार वर उचलून ओढावं लागायचं, तसंच सवयीने हेही ओढलं. पांढऱ्या गाडीचं दार लोंबत नव्हतं. ते धाडकन तिच्या कोपरावर आदळलं.

"आई गं! हिचं दार का नीट लागतं?"

"माझंही रोज तेच होतं," रेइनो म्हणाला.

ट्रॅक्टरने साखळी ओढायला सुरुवात केली होती, म्हणून ते थांबले. निळी गाडी आधी मागून, मग सगळी, पाण्याबाहेर आली, आणि तिच्या प्रत्येक भोकातून पाण्याची धार सुटली. कमानींतून, दारांच्या खालून, डिकीच्या कोपऱ्यातून. ऊन लख्ख होतं, त्यामुळे प्रत्येक धार चमकत होती. रेइनो मनातल्या मनात मोजत होता. ते दोन हजार चारचं, ते हेल्मी गेली त्या वर्षीचं, ते तेर्वोने डांबर भरून बुजवलेलं. एकवीस भोकं निघाली.

त्यातली तीन त्याला माहीतच नव्हती. तो ती बघत राहिला, पाणी निथळेपर्यंत.