बेडकीचे ब्रेक

घड्याळजींची गाडी ब्रेक दोनदा दाबल्याशिवाय थांबायची नाही. पहिल्यांदा पाय नुसताच खाली जायचा. सोडून पुन्हा दाबला, की मग कुठे ती भानावर यायची. जेमतेम दोन माणसं बसतील एवढी ती जुनी स्पोर्ट्स कार, फिकट हिरवी, आणि पुढचे दिवे असे वटारलेले की अख्खी गल्ली तिला बेडकी म्हणायची. बाहेरच्या कुणी तसं म्हटलं की घड्याळजींच्या कपाळावर आठ्या पडायच्या. घरात मात्र तेही बेडकीच म्हणायचे, लाडानं.

शेजारच्या सीटवर त्यांची बायको बसायची. बाई आयुष्यभर शहराची बस चालवून निवृत्त झालेली, पण बेडकीच्या स्टिअरिंगला हात लावायची सोय नव्हती. का? तर म्हणे, "बस वेगळी आणि ही वेगळी." घ्या! पन्नास माणसं सुखरूप घरी पोचवणाऱ्या बाईला हे असं ऐकवायचं आणि वर स्वतःच हसायचं, असा तो माणूस.

तर ती शेजारी बसायची. चौक आला, उतार लागला, कुत्रं आडवं आलं, की ओरडायची, "अहो, दोनदा!" आणि स्वतःही पाय दाबायची, खालच्या रबरी चटईवर, जिथे ब्रेकबिक काही नव्हतं. गाडी थांबली की मान ताठ करून म्हणायची, "मी दाबला म्हणून थांबली." घड्याळजी पाहुण्यांसमोर तिची नक्कल करायचे. पाहुणे हसून हसून लोळायचे आणि तीही हसायची.

मग तलावावरून परत येतानाचा तो दिवस उजाडला. उतार लांबलचक, ब्रेक तापलेले. घड्याळजींनी एकदा दाबला, काही नाही. दोनदा दाबला, तरी काही नाही. ती "अहो!" एवढंच म्हणाली, पुढचा शब्द तिच्या तोंडून फुटलाच नाही. बेडकी रस्ता सोडून सरळ झुडपात घुसली आणि तिथे हिरव्यात हिरवी होऊन बसली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. बायको खाली उतरली, केसांतली पानं काढली, पर्स उचलली आणि चालायला लागली.

"अगं, कुठे निघालीस?"

"बस पकडायला. आणि नीट ऐका, तुमच्या या गाडीत मी पुन्हा पाय ठेवणार नाही."

दोन दिवसांत राग निवळेल असं घड्याळजींना वाटलं. राग निवळला, चहा मिळायला लागला, बोलणंही सुरू झालं, पण पाय काही ठेवला नाही. गार झालेले ब्रेक पुन्हा दोनदा दाबल्यावर लागू लागले होते, तेव्हा सुटीच्या दिवशी ते एकटेच फेरी मारायला लागले. काही मजेशीर दिसलं की सवयीनं शेजारी वळून "ते बघ" म्हणायचे आणि रिकाम्या सीटशी बोललो म्हणून स्वतःवरच चिडायचे. एकदा चौकात गाडी थांबली आणि "मी दाबला म्हणून थांबली" असं कुणी म्हणेल म्हणून ते चक्क वाट बघत थांबून राहिले. मागच्या ट्रकवाल्यानं शिव्या घातल्या. त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा कळलं, की आपल्याला गाडी चालवायची हौस नव्हतीच एवढी. तिला शेजारी बसवून चालवायची हौस होती.

ते तडक मेहुण्याच्या गॅरेजात गेले. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, अंगानं दणकट, तोंडानं त्याहून.

"डिस्क ब्रेक बसव," घड्याळजी म्हणाले.

मेहुण्यानं हातातला पाना खाली ठेवला. "दाजी, बरे आहात ना? मी किती वर्षं कानीकपाळी ओरडतोय, तर तुम्ही म्हणायचात, मूळ ते मूळ. खिळासुद्धा मूळ पाहिजे."

"बायकोही मूळच आहे," घड्याळजी म्हणाले. "तीच जागेवर नाही, तर बाकीचं मूळ घेऊन काय करू?"

मेहुणा यावर काही विनोद करणार होता, पण त्यांचं तोंड बघून त्यानं पाना पुन्हा उचलला. मग दोघं कामाला लागले. पुढच्या चाकांमधले ब्रेकचे जुने ड्रम निघाले. घड्याळजींनी ते पुसून जुन्या चादरीत असे गुंडाळले, जसं काही त्यांना थंडी वाजणार होती. त्या जागी चकचकीत डिस्क बसल्या, त्यांना चिमटीत धरणारे कॅलिपर बसले, पंप नवा बसला, नळ्या नव्या आल्या. घड्याळजी जन्मभर केसाएवढे स्क्रू फिरवलेले. इथे प्रत्येक नट ते इतका हळुवार आवळायचे की मेहुणा मागून येऊन पुन्हा आवळायचा. "दाजी, हे मनगटी घड्याळ नाही. जरा माणसासारखा जोर लावा."

नळी सरकवताना मेहुण्यानं डोकं आत घातलं आणि म्हणाला, "ही शेजारच्या सीटपुढची चटई बदलू का? हे बघा, मोठं भोक पडलंय."

"उंदरानं कुरतडलं असणार. राहू दे, मूळ आहे."

मेहुण्यानं भोकाकडे पाहिलं, दाजींकडे पाहिलं, आणि का कोण जाणे, त्यानं नुसतीच मान हलवून चटई होती तशी राहू दिली.

शेवटी नळ्यांमधली हवा काढायचं काम उरलं. नवीन ऑइल भरलं की आत हवेचे बुडबुडे अडकतात, आणि ते निघेपर्यंत ब्रेक लागत नाही. एकानं पेडल दाबायचं, एकानं चाकापाशी बसून नट सोडायचा नि बंद करायचा, एकानं वरच्या डब्यात ऑइल ओतत राहायचं. मेहुण्यानं सरळ बहिणीला फोन लावला.

ती आली ती दारातच उभी राहिली. "मी शपथ घेतलीये."

"काय शपथ घेतलीस ताई?"

"गाडीत पाय ठेवणार नाही म्हणून."

"मग बसू नकोस ना. मला तुझा फक्त पायच हवाय. माझे हात इथे, दाजींचा डबा तिथे. पाय कुणाचा आणू, शेजाऱ्याचा?"

तिला हसू फुटलं, आणि हसू फुटलं की ती फसायची, हे भावाला लहानपणापासून ठाऊक होतं. ती स्टिअरिंगमागे बसली. डबा हातात तसाच धरून घड्याळजी तिच्याकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत त्या सीटवर त्यांनी तिला कधी पाहिलंच नव्हतं. आणि ती तिथे किती शोभत होती, हे बघून त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"दाब!" मेहुणा खालून ओरडला. "धर! सोड! दाब! धर! सोड!"

बुडबुडे निघत गेले. मेहुणा म्हणाला, झालं. ती म्हणाली, "अजून मऊ लागतंय." पुन्हा दाबलं, पुन्हा धरलं, आणि खरंच एक शेवटचा बुडबुडा लाजत लाजत बाहेर आला. मग तिच्या पायाखाली पेडल घट्ट झालं. तिनं ते एकदा दाबलं, आणखी एकदा दाबलं, आणि नवऱ्याकडे बघितलं.

"चाचणी कोण घेणार?"

"मीच..." घड्याळजी म्हणाले, आणि थांबले. पुढचं वाक्य त्यांच्या ओठांवर होतं: बस वेगळी आणि ही वेगळी. ते त्यांनी गिळलं, खिशातली किल्ली काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली. "तू घे."

आधी तिनं गॅरेजच्या आवारात गाडी चालवून, थांबवून बघितली, दहादा तरी. मेहुण्यानं चाकांखाली वाकून सगळं पुन्हा तपासलं. मगच बेडकी रस्त्याला लागली. आणि ती गाडी नेणार कुठे? तलावाच्या उतारावर. दुसरीकडे नेली असती तर ती ती नव्हेच.

घड्याळजी शेजारच्या सीटवर अंग चोरून बसले. तिथून रस्ता फारच जवळ दिसत होता. हाताशी स्टिअरिंग नाही, पायाशी काही नाही. ती झकास चालवत होती, काही म्हणजे काही चूक नव्हती, तरी वळण आलं आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "अगं, दोनदा!" आणि त्यांचा उजवा पाय खाडकन खाली दाबला गेला.

बेडकी एका दमात, सरळ रेषेत, शांतपणे थांबली.

"एकदाच," ती म्हणाली. "एकदाच दाबला, बघितलंत?"

 घड्याळजी खाली बघत होते. त्यांची टाच चटईच्या त्या भोकात बरोबर जाऊन बसली होती. खाली पत्राही थोडा खोलगट लागत होता. उंदीर कसला डोंबलाचा! इतक्या वर्षांचा प्रत्येक चौक, प्रत्येक उतार, प्रत्येक कुत्रं तिथे होतं. आणि ते पाहुण्यांसमोर नक्कल करत बसले होते.

"एवढी घाबरायचीस तू?"

"मग काय, हौस म्हणून दाबायचे?"

"आणि तरी येऊन बसायचीस?"

"तुम्हाला एकटं सोडलं असतं, तर दोनदा म्हणून कोण ओरडलं असतं?"

घड्याळजींचे डोळे भरून आले. त्यांनी ते लपवले नाहीत. "चुकलं गं माझं," ते म्हणाले. तिनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

थोड्या वेळानं घड्याळजींनी नाक पुसलं, मान ताठ केली, आणि समोर बघत म्हणाले, "पण मी दाबला म्हणून थांबली."

ती इतकी हसली की तिला गाडी पुन्हा सुरू करता येईना. "हो हो," ती म्हणाली, "तयार राहा, खाली अजून एक वळण आहे."

घड्याळजींनी टाच पुन्हा भोकात नीट बसवली.