कापा की बरका

"डोंगरावरचं गाव माणसाला कधी विसरत नाही. माणूस घाट उतरून निघून जातो, पण गाव तिथंच उभं राहून त्याची वाट बघत असतं," असं सहदेव तांबे यांनी खेडहून दापोलीला चढणाऱ्या एसटीत शेजारच्या माणसाला सांगितलं.

तो म्हणाला, "काका, पाय जरा सरकवा. खाली अंडी आहेत."

दापोलीला उतरल्यावर गावानं त्यांना ओळखल्याची कुठलीच खूण दाखवली नाही. संशय मात्र सगळ्यांनी घेतला. बाहेरगावाहून आलेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला आणि रिकाम्या हातानं झाडांकडे बघत उभा राहिलेला माणूस इकडे एकतर जमीन घ्यायला आलेला असतो, नाहीतर जमिनीवर हक्क सांगायला.

"किती गुंठे बघताय?" रिक्षावाल्यानं विचारलं.

"काही नाही. पूर्वी राहायचो इथं."

"सगळे असंच सांगतात," असं म्हणून त्यानं आपल्या मेव्हण्याचं कार्ड पुढे केलं.

तांबे इथल्या एका सरकारी कचेरीत टंकलेखक होते. जन्मभर त्यांनी साहेबांची मतं टाइप केली. स्वतःचं म्हणावं असं ठाम मत एकच होतं, आणि ते एका फणसाबद्दल होतं.

तेव्हा ते यमुनाबाईंच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहत. त्यांच्या बायकोनं, शालननं, मागच्या परड्यात फणसाची एक आठळी पुरली. रोप आलं. आता आठळीतून आलेला फणस कापा निघणार की बरका, हे तो लागेपर्यंत कुणालाच सांगता येत नाही, आणि लागायला तर वर्षं जातात. शालन म्हणाली, कापाच. गरा मोडला की आवाज यावा असा. तांबे म्हणाले, बरका. गिळगिळीत. रोप कमरेएवढं झालं आणि बदली आली. भांड्याकुंड्यांबरोबर वादही पुण्याला गेला आणि तिथं त्यांच्या संसारात सुखानं नांदला. घरात बाकी सगळ्या बाबतीत तांबे बरोबर ठरत आणि तसं ते सांगतही. तेवढा फणसच काय तो शालनच्या बाजूनं अजून शिल्लक होता.

गेले काही महिने ती अंथरुणावर होती. टीव्ही नको, माणसं नको, जेवण तर नकोच. परवा अचानक म्हणाली, "आपला फणस आता भरभरून लागत असेल, नाही? कापाच निघाला असणार."

"बरका," तांबे सवयीनं म्हणाले.

ती उशीला टेकून उठून बसली. "मग जा आणि बघून या. पण मला तुमच्या तोंडून नको. यमुनाबाईंना फोनवर द्या. तुमचा काही भरवसा नाही."

यमुनाबाई खळ्यात कोकमं वाळत घालत होत्या. त्यांनी मान वर करून पाहिलं आणि पुन्हा कोकमात घातली.

"वळखलंत ना?" तांब्यांनी विचारलं.

"वळखलं. येणार म्हणून कळवलं नायत ते?"

तोवर त्यांचा मुलगा गौरव मोबाइल समोर धरूनच बाहेर आला. तिघं परड्यात गेले. फणस बुंध्यापासून वरपर्यंत लगडला होता.

"झाड मोठं झालं," तांबे म्हणाले.

"झाडं होतात मोठी," यमुनाबाई म्हणाल्या.

"ते तुम्ही लावलं, असं म्हणणं आहे तुमचं?" गौरवनं मोबाइल आणखी जवळ आणला. इकडे जमीन एकाची आणि झाड दुसऱ्याचं असल्या भांडणांवर कितीतरी वकिलांची घरं उभी राहिली आहेत. प्रश्न साधा नव्हता.

"शालननं आठळी पुरली होती."

"आठळी कुठली?" यमुनाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "माझ्या फणसातली! मी गरे दिले, तुमी खाल्लात. आठळी माझीच."

"तुमचीच," तांबे म्हणाले.

इतक्या पटकन कबूल होणारा माणूस गौरवनं पाहिला नव्हता. "वकील कोण दिलाय तुम्ही?"

तांबे झाडाकडे सरकले.

"हात नका लावू, काका. रेकॉर्ड होतंय."

तांब्यांनी हात खिशात घातले. "मला एवढंच सांगा. कापा की बरका?"

मायलेकांनी एकमेकांकडे पाहिलं. ह्यात कुठलं कलम लागत असेल, ह्याचा दोघांनी आपापल्या परीनं विचार केला.

"बरका," शेवटी यमुनाबाई म्हणाल्या. "नुसता लगदा. थोडा रस उन्हात वाळवून साठं घालते, बाकी गुरं खातात."

तांबे जिंकले होते. ह्या क्षणासाठी त्यांनी एक वाक्य तयार ठेवलं होतं: 'बघ, मी काय म्हणत होतो?' ते आता कुठं ठेवावं हे त्यांना कळेना.

"यमुनाबाई, मी शालनला फोन लावतो. तिला कापा म्हणून सांगाल?"

"आता सापडलात!" गौरव ओरडला. "आईकडून खोटं वदवून घ्यायचं. काप्याला भाव जास्त, म्हणजे तुमचा हिस्सा जास्त!"

"तिचे डॉक्टर आता पुढची तारीख देत नाहीत," तांबे म्हणाले.



यमुनाबाईंनी कोकमाचे हात पदराला पुसले. "बंद कर रे ते, मेल्या," त्या मुलाला म्हणाल्या. गौरवनं मोबाइल खिशात घातला. तांब्यांनी नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन यमुनाबाईंच्या हातात दिला.

"शालन गो, मी यमुनाबाय! होय गो, तुझाच फणस. कापा! असला कापा अख्ख्या तालुक्यात नाय. गरा मोडला तर शेजारी ऐकू जातो!" एकदा खोटं बोलायचं ठरल्यावर यमुनाबाई हात आखडणाऱ्यांतल्या नव्हत्या. "केळशीवरनं माणसं येतात मागायला!"

फोनमधून हसू आलं. बारीक, धापेनं मध्येच तुटणारं. तांब्यांनी ते कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं.

"मी म्हणत नव्हते?" शालन म्हणाली. तांबे हरलेल्या माणसाला शोभेल अशी मान हलवत राहिले.

मग तिकडचा आवाज जरा खाली आला. "यमुनाबाई, ते तुमच्या शेजारीच उभे आहेत ना?"

"छे गो! लांब हायत. पार तिकडं, विहिरीजवळ."

"बरं. मग त्यांच्याबरोबर चार गरे पाठवाल? खायला नकोत हो, आता घशाखाली काही उतरत नाही. नुसता एक मोडून बघते."